सेप्टिक टँक तुंबलीय की शोषखड्डा बसलाय, कसं ओळखायचं?

अंगणवाट
पाऊस लागल्यापासून घरात एक त्रास सुरू झालाय आणि तो वाढतच चाललाय. तळमजल्यावरच्या न्हाणीघरात जाळीतून पाणी उलटं वर येतं. रोज नाही, पण वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन पाणी सोडतं तेव्हा हमखास. त्याच वेळी खालच्या कमोडमध्ये गुडगुड होऊन बुडबुडे येतात. फ्लश केलं की पाणी आधी वर चढतं, मग सावकाश उतरतं. मागे शोषखड्डा आहे तिथली जमीन पाऊस उघडला तरी ओलीच राहते आणि तेवढ्याच तुकड्यातलं गवत बाकीच्यापेक्षा दाट झालंय. संध्याकाळी हवा पडली की वास येतो.

घर जुनं विकत घेतलेलं आहे. टाकी शेवटची कधी उपसली ते कुणालाच सांगता येत नाही. वर दोन झाकणं दिसतात, नकाशा नाही. घरात दोन मतं आहेत: टँकर बोलावून टाकी रिकामी करायची, नाहीतर जंतूंची पावडर मिळते ती कमोडमधून सोडायची. नक्की काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मला काहीच करायचं नाहीये. घरात लहान मूल आहे आणि विहीरही अंगणातच आहे. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करू?

सावलीतलं_झाड
आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. टँकर बोलावला, टाकी साफ केली, वर पावडर टाकली, प्रश्न मिटला. फार विचार करू नका, उद्याच बोलवा.

पाणलोट
टँकर लागेलच, पण उद्याच नको. (सांडपाण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.) काय बिघडलंय ते भरलेली टाकीच सांगते. न बघता उपसून टाकली की पातळी, तरंगता थर, गाळ, सगळा पुरावा टँकरबरोबर जातो. मग काही आठवडे घर छान चालतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

आधी आजचं बघा. पाण्याचा वापर शक्य तितका कमी करा, मशीन बंदच ठेवा. ओल्या जागेभोवती आडोसा करा आणि मुलाला तिकडे फिरकू देऊ नका. ते पाणी मैल्याचंच आहे असं धरून चाला. न्हाणीत वर आलेलं पाणी काढताना हातमोजे घाला, फरशी साबणाने धुवा आणि मग ब्लीचचं पाणी दहाएक मिनिटं तसंच राहू द्या. ब्लीच आणि अ‍ॅसिड मात्र कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. विहिरीचं पाणी तपासून होईपर्यंत पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका.

आता निदानाकडे. एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबत असेल तर दोष त्याच पाइपात असतो, टाकीचा संबंध नाही. सगळं घर संथ झालं आणि सगळ्यात खालच्या जाळीतून पाणी आधी वर आलं तर दोष मुख्य लाइनमध्ये, टाकीत किंवा टाकीच्या पुढे. तुमचा प्रकार हा दुसरा. बुडबुडेही त्यामुळेच. खाली उतरणाऱ्या पाण्याला जागा नाही, म्हणून पाइपात अडकलेली हवा कमोडमधून बाहेर पडते. व्हेंट पाइप (वायू वर सोडणारा उभा पाइप) बंद झाला तरी गुडगुड होते, पण तेवढ्याने जाळीतून मैलापाणी वर येत नाही.

घर आणि टाकी यांच्यामध्ये एखादं चेंबर असेल. ते उघडून ठेवा आणि घरात कुणाला तरी फ्लश करायला सांगा. चेंबरमध्ये पाणी आलंच नाही तर अडथळा घराच्या बाजूला. आलं आणि सरळ पुढे गेलं तर तिथवरची लाइन मोकळी. चेंबर आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा पुढे आहे, आणि मग टाकीची पातळी बघावी लागेल. एवढं करून इथे कळवा.

उंबरठा
मधेच विचारतो. टाकी ‘भरली’ हे कळतं कसं? आमच्याकडे प्लंबरने झाकण उघडून “वरपर्यंत भरलीय” म्हणून सांगितलं आणि लगेच उपसायला लावली.

पाणलोट
@उंबरठा, चालू असलेली सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. आत जितकं पाणी येतं तितकंच पलीकडून बाहेर पडतं. जड ते तळाला गाळ होऊन बसतं, तेलकट आणि हलकं ते वर तरंगतं, आणि मधलं त्यातल्या त्यात नितळ पाणी शोषखड्ड्याकडे जातं. हे थर वेगळे व्हायला वेळ लागतो, म्हणून टाकीत पाणी साधारण एक ते दोन दिवस थांबेल अशी तिची मापं काढतात. वरचा थर शोषखड्ड्यात जाऊ नये म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, बसवलेला असतो. त्याचं खालचं तोंड मधल्या पाण्यात बुडालेलं असतं.

म्हणजे ‘वरपर्यंत भरलीय’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. बघायचं ते पाणी कुठपर्यंत आहे. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाच्या रेषेत असेल तर पातळी बरोबर आहे. त्याच्या खाली असेल तर टाकी कुठेतरी गळतेय, आणि जवळ विहीर असेल तर हे जास्त वाईट. पाइप पाण्याखाली गेला असेल तर पाण्याला पुढे वाट नाही: एकतर टी तुंबलाय, नाहीतर पुढची लाइन, नाहीतर शोषखड्डाच पाणी घेत नाहीये.

उपसायची वेळ ठरते ती गाळावरून. लांब काठीच्या टोकाला पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, टीच्या जवळून हळू तळाला टेकवायची, काही मिनिटं तशीच ठेवून सरळ वर काढायची. गाळाच्या उंचीएवढा काळा पट्टा टॉवेलवर स्पष्ट उमटतो, त्याच्या वर नुसती करडी ओल असते. तळाचा गाळ आणि वरचा थर मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला की उपसायची. बहुतेक घरांत ३ ते ५ वर्षांनी ही वेळ येते. टाकी लहान आणि माणसं जास्त असतील तर आधीच.

दोरखंड
वरचं कुणीही करायच्या आधी हे वाचा. मी अग्निशमन दलात आहे आणि या विषयावर मला कळकळीने लिहायचंय.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात आणि प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण त्या वासाच्या भरवशावर राहू नका. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची क्षमताच बधिर होते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. प्रमाण ७०० ते १००० झालं तर एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. वायू हवेपेक्षा जड आहे, खाली साठून राहतो, आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो.

म्हणून झाकण उघडताना विडी, काडेपेटी, कंदील काही नको. एकट्याने उघडू नका. उघडल्यावर काही वेळ लांब उभे राहा. कडेवर ओणवं होऊन आत बघू नका, डोकं आत घालून तर मुळीच नाही. टॉर्च लांबून मारा किंवा काठीला मोबाइल बांधून फोटो काढा. झाकण एक मिनिटही राखण न ठेवता उघडं सोडू नका.

आणि टाकीत कुणीही उतरायचं नाही. घरातलं कुणी नाही, पैसे देऊन आणलेला कामगारही नाही. “पाणी उपसून झालंय, आता फक्त गाळच आहे” असं म्हणून माणूस उतरवतात, आणि खरा धोका नेमका तेव्हाच असतो. आत कुणी पडलंच तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. लोकांना हाक मारा, अग्निशमन दलाला बोलवा, वरून हवा सोडता आली तर सोडा. अमेरिकेतल्या निओश या सरकारी संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता की बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंत ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली असतात. बाप गेला म्हणून मुलगा, मुलगा गेला म्हणून शेजारी.

पाणलोट
दोरखंड यांना पूर्ण अनुमोदन. टॉवेलची काठीही उभ्यानेच वापरायची, त्यासाठीच ती लांब हवी. ते जमत नसेल तर मोजणी टँकरवाल्यांकडून करून घ्या.

कडुलिंब
पावडरबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. लागणारे जंतू मैल्याबरोबर रोज टाकीत जातातच, बाहेरून आणून घालावे लागत नाहीत. ही टाकी १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्झिटरला डोनाल्ड कॅमेरॉन यांनी प्रसिद्धीला आणली. तेव्हापासून ती याच जंतूंवर चालत आली आहे. पावडरीपेक्षा जंतू मारणारं काय आत जातंय ते बघा. बाटलीभर अ‍ॅसिड, पाइप मोकळा करायची रसायनं, उरलेली औषधं, रंग, थिनर यातलं काहीही नको. आणि ‘फ्लश करता येतात’ असं छापलेले ओले वाइप्स, पॅड, डायपर, दंतधागा हे कुजत नाहीत, सगळे टीशी जाऊन अडकतात.

सावलीतलं_झाड
पण आमचा प्रश्न पावडरीनंतर सुटला हे खरं आहे.

पाणलोट
तुमची टाकी उपसली होती, त्याने सुटला. पावडरीने एरवी नुकसान होत नाही, पण गाळ पातळ करून वर उचलणारी रसायनं वाईट. टाकी हलकी होते खरी, पण तो गाळ शोषखड्ड्यात जातो. टाकी उपसता येते. खड्ड्याच्या भिंतीवरची माती बुजली की ती अशी सहज मोकळी होत नाही.

अंगणवाट
सगळ्यांचे आभार, दोरखंड तुमचे विशेष. तुम्ही सांगितल्याप्रमाणे भावाला सोबत घेऊन सगळं लांबूनच केलं. चेंबर काठोकाठ भरलेलं होतं. टाकीची दोन्ही झाकणं उघडून काठीवरून फोटो काढले. पहिल्या कप्प्यात पाणी येणाऱ्या पाइपाच्याही वर होतं. दुसऱ्या कप्प्यात बाहेर जाणारा पाइप दिसतच नाही, पाण्याखाली आहे. दुसऱ्या कप्प्यातसुद्धा वर पांढरट, जाड थर आहे. तो तिथे असायला हवा का?

पाणलोट
इतका जाड असायला नको. जाड थर पहिल्या कप्प्यातच अडायला हवा. पुढे इतका आला याचा अर्थ पहिला कप्पा फार वर्षं उपसलेला नाही किंवा मधली भिंत कुठेतरी फुटलीय.

आता टँकर बोलवा, पण त्याआधी एक विचार. जमीन पाण्याने तुडुंब असताना टाकी पूर्ण रिकामी करू नये. भूजल वर आलं असेल तर रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, उचलली जाते किंवा तिच्या भिंती आत दबतात. तुमची बांधीव दिसतेय, तरी पाऊस उघडलेला बघूनच बोलवा आणि पाणी लगेच पुन्हा भरू द्या.

उपसताना स्वतः हजर राहा आणि एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या खाली गेली की त्या पाइपातून उलटं पाणी टाकीत येतंय का? आलं नाही तर अडथळा टीमध्ये किंवा लाइनमध्ये आहे, तो काढला की भागेल. धो धो येत राहिलं तर शोषखड्डा तुडुंब आहे. कोणी काहीही सांगितलं तरी या परीक्षेचा निकाल धरा. दोन्ही कप्प्यांतला गाळ काढायला लावा, नुसतं वरचं पाणी ओढून जाऊ देऊ नका, आणि टँकर ते कुठे रिकामं करणार तेही विचारा. ते शुद्धीकरण केंद्रातच गेलं पाहिजे, ओढ्यात नाही. टाकी घासून धुवायची नाही आणि जंतूंसाठी गाळ मागे ठेवायचीही गरज नाही.

माती_आणि_पाणी
टँकर येईपर्यंत एक साधी तपासणी करून घ्या. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. अशी गळती कानाला ऐकूही येत नाही, पण दिवसाला शेकडो लिटर पाणी सेप्टिक टाकीत जाऊ शकतं. टाकीला विसावाच मिळत नाही, गाळ बसायच्या आत पाणी पुढे ढकललं जातं. छपराचं पन्हळ कुठे सोडलंय तेही बघा. पावसाचं पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यावर येता कामा नये. पाऊस लागल्यापासून त्रास सुरू झाला असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आठवलं.

विहिरीच्या पाण्याची जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठी, अशा दोन्ही तपासण्या सांगा. जंतू उकळून मरतात. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतलं, बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण जास्त नायट्रेटने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते आणि अंग निळं पडतं.

उंबरठा
एक अवांतर. आमच्याकडे पाणी नीट उतरतं, फक्त पाहुण्यांच्या न्हाणीत वास येतो. टाकी उघडायला हवी का?

कडुलिंब
ती न्हाणी वापरात नसेल तर ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वाकड्या पाइपात थांबून वास अडवणारं) पाणी सुकलं असेल. बादलीभर पाणी ओता आणि मग दर आठवड्याला थोडं ओतत जा. तरीही वास राहिला तर कमोडच्या बुडाचा सांधा बघा. बाहेर वास येत असेल तर झाकणाच्या फटी आणि व्हेंट पाइपची उंची. व्हेंटच्या तोंडावर जाळी हवीच, टाकीतले डास तिथूनच बाहेर पडतात.

अंगणवाट
टँकर येऊन गेला. टाकी उपसताना उलटं पाणी आलं, आणि ते थांबेचना. काळपट, तेलकट. बराच वेळ बघत उभे होतो. पाणी ओसरल्यावर फोटोत दिसलं की बाहेरच्या पाइपाला टीच नाही. जुन्या सिमेंटच्या टीचे तुकडे तळाच्या गाळात सापडले. मधली भिंत शाबूत आहे. गळका फ्लशही निघाला, वरच्या मजल्यावरचा. पन्हळ मात्र लांब सोडलेलं आहे.

विहिरीच्या पाण्यात जंतू सापडले, नायट्रेट मर्यादेत आहे. पिण्याचं पाणी आता बाहेरून आणतोय. मिस्त्री म्हणतो, त्याच शोषखड्ड्यातली खडी काढून धुऊन परत भरू. करावं का?

पाणलोट
आता चित्र स्पष्ट झालं. टी पडला, वरचा तेलकट थर वर्षानुवर्षं शोषखड्ड्यात जात राहिला आणि मातीच्या तोंडावर चिकट काळा थर धरला. गळक्या फ्लशने त्यावर दिवसरात्र पाणी सोडलं. पावसाने फक्त कडेलोट केला.

खडी धुऊन भागणार नाही, बुजलीय ती बाजूची माती. शिवाय खडी काढायला माणूस खड्ड्यात उतरणार, आणि दोरखंड यांनी लिहिलेलं सगळं शोषखड्ड्यालाही लागू आहे. नवा खड्डा घ्या आणि जुना बंद न करता दोन्हींच्या आधी एक वाटणी चेंबर बांधा. जुन्याला वर्षभर विश्रांती मिळाली की तो थर हवेने बराचसा विरतो, मग दोन्ही आलटून पालटून वापरता येतात. जुन्याचं झाकण मात्र आजच भक्कम करून घ्या.

नव्याची जागा विहिरीपासून निदान १५ मीटर, ३० मिळाले तर ३० च घ्या, आणि उताराच्या खालच्या अंगाला. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा निदान दीड मीटर वर राहू द्या, पाणी वाटेत गाळलं जातं ते त्या कोरड्या मातीतच. खणण्याआधी माती तपासा: छोटा खड्डा घेऊन रात्रभर पाण्याने भिजवायचा, सकाळी पुन्हा पाणी भरून ते किती वेळात २५ मिलिमीटर उतरतं ते बघायचं. तासाहून जास्त लागत असेल तर साधा शोषखड्डा तिथे चालणार नाही, दुसरा मार्ग काढावा लागेल. टाकीवरून आणि खड्ड्यावरून गाडी नेऊ नका, जवळ मोठी झाडं नकोत.

आणि टी बसवल्याशिवाय नव्या खड्ड्यात एक थेंबही सोडू नका.

अंगणवाट
टी पीव्हीसीचा चालेल का? आणि बसवायचा कसा, आत न उतरता?

पाणलोट
पीव्हीसीच घ्या, सिमेंटचे टी टाकीतल्या वायूने झिजतात. तुमचा पाइप झाकणाच्या बरोबर खाली आहे, म्हणून वरून लांब दांड्याने बसवता येईल. हाताला येत नसेल तर पाइप बाहेरच्या बाजूने उकरून, आधीच टी लावलेला नवा तुकडा बाहेरून आत सरकवायचा. खालचा पाय पाण्याच्या खोलीच्या साधारण ४० टक्के बुडू द्या, वरचं तोंड तरंगत्या थराच्या वर आणि उघडं ठेवा, तिथून वायू जातो. विहिरीत क्लोरीन आत्ता टाकून उपयोग नाही, गळती सुरू असेपर्यंत पुन्हा तेच होईल. नवा खड्डा चालू झाला, ओली जागा सुकली, की मग टाका आणि क्लोरीन ओसरल्यावर पुन्हा तपासा. सलग दोन अहवाल स्वच्छ येईपर्यंत पिण्याचं पाणी बाहेरूनच आणा.

अंगणवाट
ठीक. उद्या माती भिजवून ठेवतो. टीचं माप घेऊन फोटो इथेच टाकेन, बसवायच्या आधी एकदा बघून सांगा.